मदत हवी आहे: हॅलोविनच्या रात्री बघायला खरंच भीती वाटेल असे सिनेमे सुचवा

सायंतारा:
हॅलोविन तोंडावर आलाय आणि माझी यादी अजून कोरीच आहे. नेटवर कुठलीही यादी उघडा, तीच दहा नावं खालीवर केलेली. मला असे सिनेमे हवेत की संपल्यावर उठून दिवा लावायला जायचंसुद्धा जिवावर यावं. धाडकन आवाज करून दचकवणारे नकोत, त्याने भीती वाटत नाही नुसतं डोकं दुखतं. रक्ताचे पाट पण नकोत. दोन-तीन हवेत, रात्रभर लागोपाठ बघायचेत. प्लीज पटापट सांगा, आज फायनल करायचंय.

रीळवेडा:
आधी काय काय बघून झालंय ते सांग ना, नाहीतर आम्ही नावं टाकत बसायचं आणि तू पाहिलाय पाहिलाय म्हणत बसणार. भाषा कुठलीही चालेल का? सबटायटल्स वाचायचा कंटाळा आहे का?
तोवर माझं मत, हॅलोविनला 'हॅलोविन'च बघावा, १९७८ चा, जॉन कार्पेंटरचा. पुढचे भाग सोडून दे. फार कमी पैशात केलेला सिनेमा आहे, त्यातला खुनी मायकल, त्याचा मुखवटा म्हणजे स्टार ट्रेकमधल्या कॅप्टन कर्कचा तयार मुखवटा पांढरा रंगवून घेतलेला, संगीत दिग्दर्शकाने स्वतःच केलंय, आणि रक्त जवळजवळ नाहीच. त्यात खिडकीतून दिसणारा तो शॉट आहे, बाहेर दोरीवर चादरी वाळत घातल्यात आणि त्यांच्यामध्ये तो भर दिवसा नुसता उभा आहे. पुढच्या शॉटला चादरी आहेत, तो नाही. अजून काय पाहिजे!

सायंतारा:
तो पाहिलाय. एक्झॉर्सिस्ट, शायनिंग, कॉन्ज्युरिंगचे सगळे भाग, हेरेडिटरी, मिडसोमार, गेट आउट हे पण झालेत. सबटायटल्स चालतील. नवीन सांगा.

भयंकर_भाऊ:
दचकायचं नसेल तर हॉरर बघायचाच कशाला हे मला कळत नाही. 'रेक' बघा, स्पॅनिश, २००७. एका इमारतीत फायर ब्रिगेडवाल्यांसोबत टीव्हीची रिपोर्टर अडकते, सगळं तिच्या कॅमेऱ्यातून, सव्वा तासाच्या आसपास खेळ खल्लास. शेवटची दहा मिनिटं वरच्या मजल्यावर पूर्ण काळोखात नाइट व्हिजनमध्ये आहेत, मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलो होतो. हे तुमचे स्लो बर्न, हळूहळू चढणारे सिनेमे वगैरे मला झोप आणतात, दीड तास बायका खिडकीतून बाहेर बघतायत आणि शेवटी काय तर दुःख म्हणजेच भूत.

केतकी_प:
भाऊ तिने दचकणं नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय हो.
सायंतारा, तुला भावेल असं वाटतं ते म्हणजे 'द ऑर्फनेज' (२००७, हाही स्पॅनिश) आणि 'द अदर्स' (२००१, निकोल किडमन). दोन्ही भुताचेच सिनेमे पण पोटातून भीती वाटते. ऑर्फनेजमध्ये एक लहानपणीचा खेळ आहे, भिंतीकडे तोंड करून आकडे मोजायचे आणि मागचे एकेक पाऊल पुढे सरकणार, तो खेळ ती बाई मोठेपणी रिकाम्या घरात खेळते. कॅमेरा नुसता तिच्याबरोबर मागे वळतो आणि परत भिंतीकडे येतो. एक आवाज नाही. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात भीतीदायक दृश्य.

जुनाप्रेक्षक:
दचकवण्याला इतकं हलकं समजू नये, पण ते कमवावं लागतं. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये एक बाई रात्री एकटी रस्त्याने चाललेली आहे, फक्त बुटांचे आवाज, मागून कोणीतरी येतंय अशी शंका, मग ते मागचे आवाज थांबतात. आणि त्याच क्षणी फिस्स करून बाजूला बस येऊन उभी राहते. पुढे चाळीस-पन्नास वर्षं सगळे तीच युक्ती वापरत राहिले, फक्त आधीची शांतता गाळून टाकली. आता राहिला तो नुसता आवाज.
तुम्हाला माझा सल्ला, कृष्णधवलची ॲलर्जी नसेल तर 'द हाँटिंग' (१९६३) आणि 'द इनोसंट्स' (१९६१). दुसऱ्यात डेबोरा कर आहे. तळ्याच्या पलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी दिसते, दिवसाढवळ्या, पाऊस पडतोय, ती काही करत नाही. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फ्रेमच्या दोन्ही कडा काळवंडाव्यात म्हणून फिल्टर रंगवून घेतले होते, त्यामुळे पडदा रुंद असूनही सतत कोंडल्यासारखं वाटतं.

सायंतारा:
ऑर्फनेज, अदर्स, इनोसंट्स तिन्ही बाद. लहान मुलं आहेत ना त्यात. मी एकटी नाही बघणार, बहीण पण आहे, तिला लहान मुलांना काही झालेलं अजिबात बघवत नाही. सिनेमा बंद करून निघून जाते.

केतकी_प:
अगं हे आधी सांगायचं ना! मी 'बाबाडूक' लिहिणार होते आता. लहान मुलं आणि हॉरर हे इतकं घट्ट आहे की यातच निम्मी यादी गेली. नुसतं संकटात सापडलेलं मूल चालेल का? म्हणजे मूल वाचतं, पण टांगती तलवार असते, असं? आणि बहीण किती वर्षांची आहे?

सायंतारा:
तेवीस. टांगती तलवार पण नको, ती शेवटपर्यंत "काही होणार नाही ना" असं विचारत बसते.

रीळवेडा:
मग 'क्वाएट प्लेस' बाद, सुरुवातीलाच आहे. 'द रिंग' बाद. 'अंडर द शॅडो' सांगणार होतो, युद्धाच्या काळातलं तेहरान, घरावर न फुटलेलं क्षेपणास्त्र येऊन पडतं आणि मग घरात काहीतरी शिरतं, फार सुंदर आहे, पण सगळं आई आणि छोट्या मुलीभोवती. 'तुंबाड' पण बाद, पहिल्याच भागात धाकट्या भावाचं प्रकरण आहे.

भयंकर_भाऊ:
'ब्लेअर विच प्रोजेक्ट'! १९९९. जंगलात तिघं, कॅमेरा, रक्त जवळजवळ नाहीच, धाडकन आवाज नाही, मोठी माणसं आहेत तिन्ही. आता बोला.

रीळवेडा:
भाऊ, सुरुवातीला गावातल्या लोकांच्या मुलाखती आहेत त्यात मुलांच्या खुनाचीच गोष्ट सांगतात, आणि शेवटचा शॉट त्याच गोष्टीवर उभा आहे. ती गोष्ट नीट ऐकली नाही तर शेवट कळतच नाही.

भयंकर_भाऊ:
दाखवत तर नाहीत ना पण! ऐकण्यावर पण बंदी असेल तर तिला निसर्गाची डॉक्युमेंटरी लावून द्या. आणि 'रिंग' बाद केलाच आहेस तर सांगतो, अमेरिकन रिंग मूळ जपानीपेक्षा कितीतरी चांगला आहे.

जुनाप्रेक्षक:
हे अजिबात मान्य नाही. २००२ चा देखणा आहे, पण १९९८ च्या 'रिंगू'मध्ये सदाको, म्हणजे टीव्हीतून बाहेर येणारं भूत, जशी चालते ती चाल त्यात नाही. त्या अभिनेत्रीला उलटं चालायला लावून फिल्म उलटी फिरवली आहे, म्हणून माणसाचं शरीर असून माणसाची हालचाल वाटत नाही. अमेरिकन सिनेमात ती टीव्हीतून येताना चित्र मुंग्या आल्यासारखं लुकलुकत राहतं, म्हणजे प्रेक्षकाला सांगून टाकलं की बघा हं हे भूत आहे.

भयंकर_भाऊ:
पण कथा अमेरिकनमध्ये जास्त स्पष्ट आहे. जपानीमध्ये त्या प्राध्यापकाला एकदम अतींद्रिय शक्ती आहे, हात लावला की दिसतं सगळं, म्हणजे तपास करायचं कामच नाही.

सायंतारा:
दोन्ही रिंगमध्ये लहान मुलगा आहे, दोन्ही नकोत. वेगळा धागा काढा ना प्लीज.

चित्रफीत_दुरुस्ती:
सिनेमा कुठलाही बघा पण टीव्हीचं मोशन स्मूदिंग आधी बंद करा. प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, सेटिंगमध्ये पिक्चरच्या खाली सापडेल. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो, टीव्ही मध्ये स्वतःच्या फ्रेम्स घुसडतो आणि मग कसलाही सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, भीती निम्मी तिथेच मरते. खोलीतला दिवा पण बंद हवा, काळे सीन उजेडात दिसतच नाहीत. आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये नाइट मोड असेल तर तो लावा, त्याने बारीक आवाज वर येतात आणि मोठे दाबले जातात, म्हणजे कुजबुज ऐकायला आवाज वाढवला की पुढच्या सीनला कान फुटत नाहीत.

रीळवेडा:
नाइट मोडबद्दल अजिबात सहमत नाही, दिग्दर्शकाने आवाजाचा चढउतार ठरवून ठेवलेला असतो, तो सपाट का करायचा?

चित्रफीत_दुरुस्ती:
कारण तिला धाडकन आवाजाने डोकं दुखतं, तिनेच लिहिलंय. थिएटरचं मिक्सिंग घरातल्या छोट्या स्पीकरवर तसंही वाजत नाही.

सायंतारा:
टीव्ही नाहीये. लॅपटॉपवर बघणार आहोत, ती तिच्या आणि मी माझ्या. ती दुसऱ्या देशात असते, व्हिडिओ कॉल चालू ठेवून एकाच वेळी प्ले करतो आम्ही. दर वर्षी करतो, या वर्षी निवडायची पाळी माझी आहे आणि मागच्या वर्षी तिने इतके भारी निवडले होते की मला काहीही करून चांगलेच शोधायचेत. म्हणून एवढी घाई.

केतकी_प:
अय्या मग तर तुझ्यासाठीच बनवलेला सिनेमा आहे! 'होस्ट', २०२०, ब्रिटिश, दिग्दर्शक रॉब सॅव्हेज. लॉकडाउनमध्ये मैत्रिणी-मित्र व्हिडिओ कॉलवर प्लँचेट करतात आणि अख्खा सिनेमा म्हणजे तो कॉल. लॉकडाउनमध्येच शूट केलाय, कलाकार आपापल्या घरी, दिग्दर्शक लांबून सूचना देणार, बरेचसे इफेक्ट कलाकारांनी स्वतःच घरात लावलेले. तासाभरापेक्षा छोटा आहे आणि लहान मुलांचं काही नाही. दचकवणाऱ्या जागा आहेत हे खरं, शेवटी जास्तच आहेत, पण लॅपटॉपवर एका बाजूला बहिणीची चौकट चालू आणि समोर तसल्याच चौकटी, मला नुसत्या विचाराने काटा आला. फक्त तो इंग्लिश 'होस्ट' बघ, कोरियन 'द होस्ट' वेगळा आहे, त्यात नदीतला राक्षस आहे आणि तो मुलीला पळवतो.

भयंकर_भाऊ:
होस्टला मी पण अनुमोदन देतो. आणि दचकायला होतंच त्यात हे मुद्दाम नमूद करतो.

मध्यरात्र_वाचक:
'कौन' (१९९९) कोणी कसा सुचवला नाही? राम गोपाल वर्मा, एक घर, बाहेर पाऊस, उर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंग, बस्स तीन माणसं. गाणी नाहीत. दारातली बेल वाजली की पोटात गोळा येतो.

जुनाप्रेक्षक:
सिनेमा उत्तम, पण ज्याच्यात अमानवी काही नाही तो थ्रिलर झाला.

मध्यरात्र_वाचक:
म्हणजे 'सायको' पण थ्रिलर, वर सुचवलेला 'हॅलोविन' पण थ्रिलर? भीती वाटली की हॉरर. नारायण धारपांच्या गोष्टी वाचायला घ्या मग कळेल भीती कशी हळूहळू चढते ते. तुंबाडच्या मुळाशी पण त्यांचीच गोष्ट आहे.

सायंतारा:
कौन पाहिलाय. पुस्तकं नकोत आत्ता. होस्ट नक्की झाला! आणखी दोन हवेत. 'द हाँटिंग'मध्ये लहान मुलं आहेत का? आणि लॅपटॉपवर जुना कृष्णधवल सिनेमा बघताना बहीण कंटाळेल का?

जुनाप्रेक्षक:
मुलांना काही होत नाही. सुरुवातीला घराचा जुना इतिहास सांगतात, त्यात एक मुलगी त्याच खोलीत म्हातारी होत जाते, तेवढंच. बाकी चार मोठी माणसं त्या घरात राहायला येतात.
कंटाळ्याबद्दल असं सांगतो. दोघी बायका रात्री एका खोलीत आहेत. लांब कुठेतरी भिंतीवर ठोका पडतो. मग दुसरा, जरा जवळ. कॉरिडॉरच्या एकेका दारावर ठोकत काहीतरी येतंय. दोघी एकमेकींना धरून बसल्यात आणि कॅमेरा दारावरून हलत नाही. मग ठोके थांबतात आणि दाराची मूठ, त्यावर कोरीव चेहरा आहे, ती हळू फिरायला लागते. दार उघडत नाही. पूर्ण सिनेमात भूत एकदाही दाखवलेलं नाही. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, दोनच वर्षांनी 'साउंड ऑफ म्युझिक' करणारा. हेडफोन लावून बघा, या सिनेमात सगळं कामच आवाजाने केलंय, आणि तरी डोकं दुखणार नाही.

रीळवेडा:
तिसरा 'इट फॉलोज', २०१४. त्यात काहीतरी अमानवी तुमच्याकडे चालत येत राहतं, धावत नाही, कधी म्हातारी होऊन कधी ओळखीचं माणूस होऊन, आणि ज्याच्या मागे लागलंय त्यालाच दिसतं. शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातं, तेव्हा बहिणीसोबत बघायला अवघड वाटेल का ते तू ठरव. रक्त फारसं नाही, पण सुरुवातीलाच समुद्रकिनाऱ्यावर मोडलेल्या पायाचा एक शॉट आहे तेवढा वाईट आहे, डोळे मिटा. यातली मजा म्हणजे कुठलाही शॉट लागला की आपण पात्रांकडे बघतच नाही, लांब मागे कोण चालतंय ते शोधत बसतो. कॉलवर दोघी असाल तर "मागे बघ मागे बघ" चालू होईल नुसतं.

मध्यरात्र_वाचक:
इट फॉलोजमध्ये त्या स्विमिंग पूलच्या सीनला सगळं फसतं, त्यापेक्षा जपानी 'पल्स' घ्या, २००१. एका बंद खोलीत एक बाई लांबून एका मुलाकडे चालत येते, मध्येच तिचा तोल जातो, पडता पडता सावरते आणि परत येत राहते. बास. पण आत्महत्येचा विषय आहे, सगळ्यांना झेपेल असं नाही.

केतकी_प:
पल्स फार उदास आहे गं, हॅलोविनच्या रात्री बहिणीशी गप्पा मारत बघायचा नाही तो. वेगळ्या दिवशी एकटीने बघ.

सायंतारा:
ओके पल्स माझ्यासाठी ठेवते. मग ठरलं, हाँटिंग, इट फॉलोज, आणि शेवटी होस्ट. की होस्ट आधी लावू?

केतकी_प:
शेवटीच. होस्ट झाल्यावर व्हिडिओ कॉल चालू ठेवून दुसरा सिनेमा बघायची हिंमत होणार नाही. आणि दोघींनी एकच आवृत्ती लावा, नाहीतर एकीकडे काही सेकंद पुढे असतं आणि तुझी किंचाळी ऐकून तिला आधीच कळतं.

चित्रफीत_दुरुस्ती:
दोघींनी हेडफोन लावा म्हणजे सिनेमाचा आवाज कॉलवरून परत ऐकू येणार नाही. आणि कॉलवर आपोआप नॉइज कमी करायचं सेटिंग असतं ते बंद ठेवा, नाहीतर तुमच्या किंचाळ्याच कापल्या जातील.

जुनाप्रेक्षक:
'द हाँटिंग' शोधताना साल १९६३ आहे ना ते बघून घ्या. १९९९ चा त्याच नावाचा रिमेक आहे, रंगीत. त्यात सगळं भूत धडधडीत दाखवलंय आणि गोष्ट मुलांच्या आत्म्यांवर नेलीय, तो चुकून लावलात तर बहीण पहिल्या अर्ध्या तासात उठून जाईल.

सायंतारा:
बरं झालं सांगितलंत, मी तोच रंगीत सेव्ह करून ठेवला होता. बदलते आत्ताच.