शब्दचर्चा : गाठ 'साधी' आणि उपचार 'शेकाचा'

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक) : मावशींच्या छातीत मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून गाठ आढळली आहे. अहवालात 'युनिसेंट्रिक कॅसलमन डिसीज' असे लिहिले आहे. गाठ साधी आहे, पण काढता येणार नाही, म्हणून शेक द्यावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले. या ठिकाणी 'साधी' आणि 'शेक' या शब्दांचा नेमका अर्थ कोणता घ्यावा?

उत्तर : 'साधी' म्हणजे कर्करोगाची नसलेली, एवढेच. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते आणि जखमेबरोबर ओसरते, तशी ही गाठ नव्हे. बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुर्मीळ विकारात लसिकाग्रंथी (शरीराच्या संरक्षणाचे काम करणाऱ्या छोट्या गाठी, 'लिम्फ नोड') वाढतात. 'युनिसेंट्रिक' म्हणजे ही वाढ एकाच भागापुरती असते. पूर्ण काढता आली तर गाठ सहसा पुन्हा होत नाही, म्हणून पहिली पसंती शस्त्रक्रियेलाच असते. तो मार्ग बंद असेल तेव्हा किरणांचा, म्हणजे डॉक्टरांनी म्हटलेल्या 'शेका'चा, विचार होतो.

दुसरे उत्तर : 'शेक' आपल्याकडे रुळलेला असला तरी मला तो या जागी धोक्याचा वाटतो. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक म्हणजे एक किलो ऊतींत शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. या विकारात अनेकदा ४० ग्रेच्या आसपास मात्रा देतात. ती सगळी एकदम दिली, तरी एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकेही वाढणार नाही. किरणांचे काम उष्णतेने नव्हे, तर पेशींतील डीएनएला इजा करून होते, आणि म्हणून गाठ आटायला अनेकदा काही महिने लागतात. उलट 'शेक' ऐकून कोणी घरी त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर आधीच नाजूक झालेली कातडी भाजेल. म्हणून 'किरणोपचार' म्हणावे. 'किरणोत्सर्ग' मात्र नको, कारण तो ऐकून नातवंडांना आजीपासून दूर बसवले जाते. बाहेरून यंत्राने किरण घेतलेल्या रुग्णाच्या अंगातून काहीही बाहेर पडत नाही.

प्रश्नकर्ती : आणि डॉक्टर 'वीस सिटिंग' म्हणाले, त्याचे काय?

दुसरे उत्तर देणारे : रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे चार आठवडे. अशा एकेका खेपेला डॉक्टर 'फ्रॅक्शन' म्हणतात. घरी सांगताना 'मावशींच्या किरणोपचाराच्या वीस खेपा ठरल्या आहेत' असे म्हणावे, कोणाचाही गैरसमज होणार नाही.