चादरीवरच्या सादरीकरणासाठी कल्पना कुठे शोधावी?

प्रश्न

मी सोलापुरात एका महाविद्यालयात शिकवते. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर मला सोलापुरी चादरीविषयी वीस मिनिटांचे सादरीकरण करायचे आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांची वस्ती, चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन अशी माहिती भरपूर जमली आहे. परंतु संगणकासमोर बसले की डावीकडे छायाचित्र आणि उजवीकडे पाच मुद्दे, याखेरीज काहीच सुचत नाही. या विषयाला हे रूप शोभत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. दृश्य मांडणीची कल्पना सुचावी म्हणून आपण काय करता?

उत्तर १

मी जकार्ड मागासाठी, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षी काढतो, म्हणून माझ्या कामातूनच सांगतो. संगणक बंद करून घरातली चादर उन्हात पसरा आणि फुलाची कड अगदी जवळून पाहा. लांबून गोल वाटणारी पाकळी जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसेल, कारण ती आधी आलेख कागदावर एकेक चौकोन भरत काढलेली असते. त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडतात. जिथे भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो आणि नसेल तिथे खाली राहतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार यांनी सिद्ध केलेली ही युक्ती आपल्याकडच्या मागांवर रुजली. आता चादर उलटी करा. नक्षी तीच राहते, पण रंगांची अदलाबदल होते. पुढे मरून रंगाच्या पार्श्वभूमीवर पांढरे फूल असेल, तर मागे पांढऱ्यावर मरून रंगाचे फूल. माझ्या मते आपल्या सादरीकरणाचा सांगाडा इथेच आहे: पूर्वार्धात ग्राहकाला दिसणारी बाजू, आणि उत्तरार्धात त्याच चित्रांचे रंग उलटवून विणकराची बाजू.

उत्तर २

वरील सूचना मला फार आवडली. एकच भर घालते: पडद्यावर गडद मरून रंग काळपट दिसतो, तेव्हा प्रत्यक्ष सभागृहात आधी पाहून घ्यावे.

उत्तर ३

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या चादरीच्या कारखान्यात परवानगी घेऊन तासभर नुसते उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. यंत्रमागाच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि माणसे खुणांनी बोलतात, हे छायाचित्रांच्या संग्रहात सापडणार नाही. तो आवाज अर्धा मिनिट ऐकवावा, आणि तेवढा वेळ पडदा कोरा ठेवावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी आभारी आहे. काल आईच्या कपाटातली जुनी चादर उलटी करून पाहिली; मागच्या बाजूला मोराचा रंग बदललेला होता आणि एके ठिकाणी तुटलेला धागा गाठ मारून जोडलेला होता. ती गाठ पडदाभर मोठी करून मी उत्तरार्धाच्या आरंभी दाखवणार आहे.