उपवासकाळ आणि ईस्टरचं प्रीतिभोजन : खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे अनुभव

खानदेशात लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, येतो तो उन्हाळा चढत असताना. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पहाटे अंगावर शाल लागते आणि पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, पारा चाळिशीला टेकलेला असतो. उपवास, पाणी, औषधं, ईस्टरचं मोठं एकत्र जेवण म्हणजे प्रीतिभोजन, सगळं या उन्हाच्या हिशेबानं ठरवावं लागतं. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे तयारीला आताच लागलेलं बरं. ज्यांनी वर्षानुवर्षं ही कामं हातानं केली आहेत त्यांनी मापांसकट लिहावं, अशी विनंती आहे.

भुसावळ, कॅथलिक धर्मग्राम

आधी नियम, कारण यात दरवर्षी गोंधळ होतो. राखेचा बुधवार ते पवित्र शनिवार हे ४६ दिवस. त्यातले ६ रविवार उपवासाचे नाहीत, ते वगळले की ४० उरतात. कॅथलिक नियमानुसार पूर्ण उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दिवशी एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं चालतं, मात्र त्या दोन्हींची बेरीज एका जेवणाएवढी होऊ नये. हे १८ ते ५९ वयाच्यांना लागू. मांसवर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढे, राखेच्या बुधवारी आणि लेंटच्या सगळ्या शुक्रवारी. मासे, अंडी, दूध चालतं. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांवर उपवासाचं बंधन नाही, हे पुलपिटावरून स्पष्ट सांगितलं पाहिजे. ते सांगितलं नाही की घरात भिडेखातर उपवास होतात.

बुधवारी कपाळाला लावायच्या राखेबद्दलही. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) झावळ्या लोखंडी कढईत पूर्ण जळू द्याव्यात, गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळाव्यात. ओली करायची असेल तर खोबरेल तेलाचे थेंब घालावेत. पाणी घालू नये. राख आणि पाणी मिळून क्षार तयार होतो, आणि कपाळाची कातडी भाजून लाल होते, लहान मुलांची तर हमखास.

नंदुरबार, परिचारिका

आमच्या बाजूच्या, कॅथलिक नसलेल्या मंडळ्यांत ठरलेला आहारनियम नाही. बहुतेक जण सकाळपासून दुपारी ३ पर्यंत काही खात नाहीत, कारण मार्काच्या शुभवर्तमानात येशूची शेवटची हाक नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनला आहे. काही जण संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरच सोडतात. अन्न सोडा, पण पाणी सोडू नका. मार्चमध्ये निर्जळी उपवास शेतावर जाणाऱ्या माणसाला झेपत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकारात वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडापोटात असह्य वेदना सुरू होतात. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णानं निर्जळी उपवास करूच नये. पाळकांनी अशा घरांत स्वतः जाऊन हे सांगावं. त्यांच्यासाठी मांस सोडणं, मोबाइल सोडणं, रोज एका आजाऱ्याला भेटणं, हाही पूर्ण उपवासच आहे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना राखेच्या बुधवारच्या आधी विचारावं, डोस मनानं कमी करू नये. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. तेव्हा उपवास मोडला म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये.

चहा एकदम बंद केला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. लोक त्याला उपवासाचा त्रास समजतात. आठवडाभर आधीपासून कप कमी करत आणले तर हा त्रास होत नाही.

सोडताना आधी कोमट पाणी किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत, मग अर्धं केळं, मग पंधरा मिनिटांनी ज्वारीच्या कण्या किंवा पातळ वरण-भात. रिकाम्या पोटी चहा आणि भजी, हे सर्रास होतं आणि रात्रभर जळजळतं.

शुभ शुक्रवारी १२ ते ३ सप्तोद्गारांची, म्हणजे येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांची उपासना असते. पत्र्याखाली तीन तास, उपाशी माणसं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत माठ ठेवा आणि एका डब्यात जलसंजीवनी तयार ठेवा. प्रमाण : १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

जळगाव, युवक संघ

झावळ्यांच्या रविवारसाठी शिंदीच्या फांद्या शनिवारी संध्याकाळीच तोडाव्यात आणि रात्रभर देठ पाण्यात ठेवावेत, नाहीतर मिरवणुकीत माना टाकतात. देठाजवळची पानं म्हणजे काटेच असतात. मुलांच्या हातात देण्याआधी तळाची वीतभर कोयत्यानं साफ करा. एवढंच.

नवापूर तालुका, महिला मंडळ

उपवासातला वाटा बाजूला पडला नाही तर तो उपवास अर्धाच. बायबलात यशया ५८ मध्ये देवाला हवा असलेला उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्या अन्नातलं देणं, असं आहे. म्हणून रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ डब्यात. एका मुठीत ४० ते ५० ग्रॅम येतात, ४६ दिवसांचे घरटी दोन किलो होतात. पन्नास घरांची मंडळी असेल तर शंभर किलो. ईस्टरच्या जेवणाला भाकरीसोबत माणशी ७० ग्रॅम तांदूळ पुरतात, म्हणजे दोनशे पानांना १४ किलो. उरलेला सगळा तांदूळ गरजू घरांत जातो, मग ते घर मंडळीतलं असो वा नसो.

अडचण इथे येते : प्रत्येक घरचा तांदूळ वेगळा. नवा तांदूळ लवकर मऊ होतो, जुन्याला पाणी आणि वेळ जास्त लागतो. एकत्र शिजवला तर अर्धा गिचका, अर्धा टणक. जमा करतानाच नव्याची आणि जुन्याची कोठी वेगळी ठेवा. जेवणाला जुना घ्या, तो मोठ्या पातेल्यात मोकळा राहतो. नवा वाटपाला द्या. डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका, ओला पाला घातला तर बुरशी येते. वाटपाआधी तांदूळ पाखडून निवडून घ्या. गरिबाला द्यायचं म्हणून किड्यासकट देऊ नये.

धुळे, प्रीतिभोजनाचा स्वयंपाक

पहाटेची उपासना ५ ला, जेवण ११.३० ला. दुपारी २ ची पंगत या दिवसांत कुणाला मानवत नाही. उपासनेनंतर लगेच चहा, बन आणि उकडलेली अंडी द्यावीत, म्हणजे पोरं अधीर होत नाहीत आणि रिकाम्या पोटावर थेट रस्सा जात नाही.

मटण शनिवारी आणून ठेवायचं नाही. खाटकाला आधी सांगून रविवारी पहाटे कापून घ्यावं, ७ ला चुलीवर चढवावं. शंभर पानांना हाडांसकट १५ ते १६ किलो लागतं. १० किलोचं माप असं :

कांदा ३ किलो, सुकं खोबरं १ किलो, लसूण अर्धा किलो, आलं पाव किलो, काळा मसाला ४०० ग्रॅम, तेल सव्वा लिटर, हळद ५० ग्रॅम, मीठ आधी २०० ग्रॅम आणि मग चवीनं, कोथिंबीर हवी तेवढी.

कांदे निखाऱ्यात अख्खे भाजायचे, वरचं काळं साल काढायचं. खोबऱ्याच्या वाट्याही निखाऱ्यावरच, पण तांबूस झाल्या की लगेच बाजूला. करपलेला एक तुकडा वाटणात गेला तरी अख्खं पातेलं कडवट होतं, आणि तो कडवटपणा गूळ घालूनही जात नाही. वाटण आदल्या दिवशी करून ठेवू नका, उन्हाळ्यात ओलं वाटण आंबतं. कोरडं भाजणं शनिवारी, वाटणं रविवारी.

मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून आधी त्याच्याच पाण्यात वाफवायचं. दुसऱ्या पातेल्यात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, याला पाऊण तास लागतो आणि इथे घाई केली की कच्च्या मसाल्यानं घसा धरतो. मग दोन्ही एकत्र करून उकळतं पाणी, १० किलोला १० लिटर. गार पाणी ओतलं तर तवंग बसतो आणि उकळी यायला वेळ जातो. चाळीस दिवस मांस न खाल्लेल्या माणसांसाठी तिखट नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा, ज्याला हवं त्याला ठेचा आहेच.

भाकरी दादर ज्वारीची. किलोत दहा होतात, शंभर माणसांना २० किलो पीठ. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं असावं, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. दोनशे भाकरींना पाच चुली मांडा.

चोपडा

वरच्या मापात शाकाहारी पाहुणे राहिले. आपल्याकडे शेजारपाजारचे माळकरी, लेवा पाटील घरचे लोक आवर्जून येतात. त्यांची चूल, पातेली, पळ्या सगळं वेगळं हवं, आणि ते दिसेल असं हवं, म्हणजे पाहुण्याला विचारावं लागत नाही. पंगत मात्र एकच. वाढप शाकाहारी ओळीपासून सुरू करा आणि वाढप्यांचे हातही वेगळे ठेवा.

त्यांना वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. २५ जणांना जाडसर गव्हाचं पीठ ३ किलो, मक्याचं पाव ते अर्धा किलो, मोहन ३०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम, ओवा, हळद. घट्ट मळून अर्धा तास झाकायचं, वळकट्या करून २५ मिनिटं वाफवायच्या. पूर्ण गार झाल्यावरच कापायच्या, गरम कापल्या तर भुगा होतो. मग मध्यम आचेवर तळायच्या. खायचा सोडा घातलाच आणि तो जास्त पडला, तर बट्टी तेल पिते. वरणाला १२५० ग्रॅम तूरडाळ, बट्टी वरण शोषते म्हणून नेहमीपेक्षा सैल ठेवायचं.

नवापूर तालुका, महिला मंडळ (पुन्हा)

चोपड्याच्या ताईंनी चांगली आठवण केली. आणखी एक : अंथरुणाला खिळलेल्यांचे आणि नुकत्याच बाळंत झालेल्यांचे डबे पहिली पंगत बसायच्या आधी भरा. शेवटी भरले तर त्यांच्या वाट्याला नुसता रस्सा आणि हाडं येतात. उरलेलं मटण झाकून ठेवून संध्याकाळी वाढू नका. तीन वाजेपर्यंत संपवा, किंवा उकळी आणून लगेच घरोघर पाठवा.