चर्चा: लॉ कॉलेजात जाहीर व्याख्यान हवं की वाचून येऊन केलेलं चर्चासत्र?

तळटीप (धागाकर्ता)

विधी महाविद्यालयांतली निम्मी जाहीर व्याख्यानं बंद करावीत आणि त्यांच्या जागी चर्चासत्रं घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन तासांच्या कार्यक्रमाचा हिशोब मांडून बघा. सुरू व्हायला उशीर 20 मिनिटं, दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत 10, सत्कार 10, परिचय 10, प्राचार्यांचं मनोगत 10, व्याख्यान 50, आभार 5. राहिली 5 मिनिटं. त्यात पहिला माणूस उठतो आणि प्रश्न म्हणून स्वतःचंच भाषण ठोकतो.

माझी मांडणी अशी: वक्त्याला 35 मिनिटं. त्याचं म्हणणं आधी वाचून आलेल्या प्रतिसादकाला 15. प्रश्नांना पूर्ण 60. उरलेल्या 10 मिनिटांत काय तो नारळ द्या. दहा-बारा पानांचं वाचन दहा दिवस आधी पाठवायचं, कोर्टाचा आख्खा निकाल नाही. 25 खुर्च्यांचं आतलं कडं, आणि तिथे बसायचं तर दोन प्रश्न लिहून आणायचे. बाहेरचं कडं सगळ्यांना खुलं.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांतही याला जागा आहे. आठवड्याला किमान 30 तास, त्यात लेक्चर किमान 24. उरलेले सहा तास ट्यूटोरियल, मूट (सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला) आणि सेमिनारसाठीच आहेत.

मागची_रांग

म्हणजे जाहीर व्याख्यानातला 'जाहीर' हा शब्दच काढून टाकायचा. वाचन दहा दिवस आधी पाठवणार कुणाला? ज्यांचे ईमेल कॉलेजकडे आहेत त्यांना. रस्त्यावरचा बोर्ड वाचून आत आलेला निवृत्त तलाठी, पतसंस्थेचा वसुली अधिकारी, अर्धवेळ वकिली करणारी बाई, हे सगळे बाहेरच्या कड्यात मुके बसणार. विद्यापीठ वर्षभर विद्यार्थ्यांचंच असतं, दोन तास गावाला दिले तर काय बिघडलं?

तळटीप

गाव येतं कुठे? सभागृह भरायला पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या आणून बसवतात आणि हजेरीचा कागद फिरवतात. नियमातली 70 टक्के हजेरी ही त्या-त्या विषयाच्या तासिका, मूट, ट्यूटोरियल आणि प्रात्यक्षिकं यांची एकत्रित आहे. जाहीर व्याख्यान वेळापत्रकातच नसेल तर त्याची हजेरी धरणार कशात? मुलांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून कागद पुढे सरकला की मागच्या दारानं निम्मी पसार.

साक्षीपुरावा

हवेत भांडण्यापेक्षा एक विषय घेऊन बघू. इलेक्ट्रॉनिक पुरावा घ्या, आणि निकाल आपल्याच जालन्याचा: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, 14 जुलै 2020. वाद 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या मुदतीत आला की नंतर, हा मुद्दा. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. सीडी आली, पण पुरावा कायद्याच्या कलम 65-बी(4) चं सर्टिफिकेट, म्हणजे ही नोंद कोणत्या यंत्रातून कशी निघाली याचा दाखला, मागूनही मिळालं नाही. कोर्ट म्हणालं, सर्टिफिकेट अनिवार्यच. मात्र पक्षकारानं हातात होतं ते सगळं केलं आणि समोरच्या यंत्रणेनं दिलंच नाही, तर तेवढ्यावर त्याला अडवता येणार नाही.

50 मिनिटांच्या व्याख्यानात हे कसं येतं? आधी याच सर्टिफिकेटवरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा अन्वर निकाल, मग 2018 चा शफी मोहम्मद, मग हा. तारखांची माळ. ऐकणाऱ्याला वाटतं समजलं. चर्चासत्रात एकच प्रश्न टाका: 'हातात होतं ते सगळं' म्हणजे नेमकं काय? एक अर्ज पुरतो की कोर्टाकडून कागद मागवून घेण्याचा हुकूमही मागायला हवा? निकाल उघडून ओळी दाखवाव्या लागतात, आणि ज्यानं फक्त सारांश वाचलाय तो दुसऱ्या मिनिटाला उघडा पडतो. या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

मागची_रांग

उदाहरण झकास आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. 65-बी च्या जागी कलम 63 आलं आणि सर्टिफिकेटचे दोन भाग झाले: भाग अ पक्षकारानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू डिजिटल ठसा) लिहायची, कोणत्या पद्धतीनं काढली त्यावर खूण करायची. आता बाहेरच्या कड्यातला गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो: 'आमच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण द्यायचं तर भाग अ वर सही माझी की कॅमेरे बसवणाऱ्याची? आणि भाग ब वाला तज्ज्ञ तालुक्याच्या गावात आणू कुठून?' दोन प्रश्न लिहून आणलेल्या पंचवीस जणांत हे कुणी विचारणार नाही, कारण त्यांच्यातल्या कुणालाच ती सही करायची नसते.

साक्षीपुरावा

हा प्रश्न मान्य. मग त्याला आतल्या कड्यात बसवा ना! पाच खुर्च्या बाहेरच्यांसाठी राखीव ठेवा, वाचनाची अट माफ.

दरखास्तवाला

सगळे कड्यांवर भांडताय, भाषेवर कुणी बोलेना. आपल्याकडे खालच्या न्यायालयांची भाषा मराठी, आणि व्याख्यान मात्र इंग्रजीत. उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या 348 व्या अनुच्छेदानं इंग्रजीत चालतं, कबूल, पण कॉलेजच्या सभागृहाला तो अनुच्छेद लागू नाही. कैफियत, उलटतपास, मनाई हुकूम, दरखास्त हे शब्द कोर्टाच्या आवारात चहावाल्यालाही कळतात. ते व्यासपीठावर चढले की एकदम इंग्रजी का होतात? कायद्याच्या मराठी शब्दांचा 'न्यायव्यवहार कोश' कपाटात ठेवायला काढलेला नाही.

तळटीप

भाषेचं शंभर टक्के मान्य. फक्त निकालाचा उतारा मूळ इंग्रजीत वाटा आणि चर्चा मराठीत करा. उताऱ्याचं घाईत केलेलं भाषांतर वाटलं की तासभर भाषांतरावरच वाद होतो.

सत्र_संयोजक

वक्ता कोण, हे आधी ठरवा. विद्यमान न्यायमूर्ती बोलावले तर तुमची 60 मिनिटं फुकट. सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये न्यायाधीशांसाठी जी मूल्यसंहिता स्वीकारली, तिच्यानुसार प्रलंबित किंवा कोर्टापुढे येऊ शकेल अशा मुद्द्यावर त्यांनी जाहीर मत द्यायचं नसतं. पुरावा कायद्यातला जवळपास प्रत्येक जिवंत प्रश्न उद्या कुठल्या तरी कोर्टापुढे येणारच. त्यांच्यासाठी व्याख्यानच बरं, आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर. चर्चासत्राला जिल्हा न्यायालयातला फौजदारी वकील, निवृत्त न्यायाधीश किंवा शिकवणारे प्राध्यापक बोलवा.

आणि माईक! सभागृहाला किमान दोन फिरते माईक. नसतील तर रेकॉर्डिंगमध्ये उत्तरं येतात, प्रश्न येत नाहीत. मग ते यूट्यूबवर टाकून उपयोग शून्य.

मागची_रांग

रेकॉर्डिंगवरून आठवलं. प्रसन्नकुमार टागोर 1868 मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रातून कलकत्ता विद्यापीठात टागोर विधी व्याख्यानं सुरू झाली. अटी अशा: व्याख्यानाला विद्यार्थी आणि इतर कुणालाही मोफत प्रवेश, सहा महिन्यांत व्याख्यानं छापायची आणि किमान 500 प्रती फुकट वाटायच्या. 'इतर कुणालाही' हे तेव्हाच लिहून ठेवलंय बघा. आपल्याकडे व्याख्यानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो, व्याख्यान मात्र कुठेच नाही.

तळटीप

छापायची अट मी उचलतो. 50 मिनिटं म्हणजे साधारण सहा हजार शब्द. दोन विद्यार्थ्यांना आठवडाभराचं काम, मग वक्त्याकडून तपासणी. तिथेच गाडी अडते, वक्ते मसुदा परत पाठवत नाहीत. निमंत्रणाच्या पत्रातच लिहा: 30 दिवसांत दुरुस्त्या आल्या नाहीत तर आहे तसा मजकूर प्रसिद्ध होईल. पण मुख्य मुद्द्यावर मी हटत नाही. वर्षाला सहा कार्यक्रम असतील तर तीन चर्चासत्रं.

मागची_रांग

एक चर्चासत्र. आणि तेही बाहेरच्यांच्या पाच नव्हे, दहा खुर्च्या ठेवून.

सत्र_संयोजक

आकडा काहीही ठरवा, सेमिस्टर परीक्षेच्या आधीचा पंधरवडा तेवढा टाळा. तेव्हा वाचनाचा कागद कुणी उघडतही नाही. आणि शनिवारी दुपारी ठेवा. कामाच्या दिवशी 4 वाजता वकील कोर्टात असतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी नोकरीवर.