बोधचित्र शिकताना पहिल्या वर्षी काय घडलं? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव सांगा

मी साताऱ्याचा. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या, बारावीनंतर फाउंडेशन, म्हणजे कलाशिक्षणाचं पायाभरणीचं वर्ष केलं, आणि आता उपयोजित कला शिकताना इलस्ट्रेशनवरच, म्हणजे गोष्टीला किंवा मजकुराला जोडून येणाऱ्या बोधचित्रांवरच भर द्यायचं ठरवलंय. पहिल्याच असाइनमेंटला एक छोटी गोष्ट मिळाली. त्यात वाक्य होतं, 'आजी एसटीची वाट बघत थांब्यावर बसली होती.' मी थांबा काढला, आजी काढली, लांबून येणारी लाल गाडी काढली. प्रमाण बरोबर, परस्पेक्टिव्ह बरोबर. सरांनी कागद हातात धरला आणि म्हणाले, "हे सगळं वाक्यात आहेच. मग तुझं चित्र काय सांगतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र करत आपण वाढतो. समोरचं नीट काढायची सवय लागते, आणि ती लागायलाच हवी. पण गोष्ट हातात घेऊन तिच्यातला कुठला क्षण उचलायचा आणि कुठला सोडायचा, हे तोवर कुणी विचारलेलंच नसतं. आठवडाभर संध्याकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापाशी जाऊन बसायचो. खाली सगळं शहर दिसतं, पण कागद कोराच राहायचा.

म्हणून हा धागा. तुम्ही कुठे अडलात, काय हाती लागलं, घरच्यांनी कसं घेतलं, पहिलं काम कसं मिळालं, जे आठवेल ते लिहा. मोठं झालं तरी चालेल.

वाई, फाउंडेशन

मी दर रविवारी सकाळी मेणवलीच्या घाटावर जाते. आधी पेन्सिल न्यायचे, आणि अर्धा वेळ खोडण्यात जायचा. एकदा पेन्सिल घरी राहिली म्हणून बॉलपेननं काढलं, तेव्हापासून तेच. चुकलेली रेघ तशीच ठेवायची, शेजारी बरोबर ओढायची. धुणं धुणाऱ्या बायका काही आपल्यासाठी थांबत नाहीत. वाकणं, आपटणं, पिळणं, प्रत्येकाला जेमतेम काही सेकंद मिळतात. आधी पाठीची रेघ, मग हात, चेहरा जमला तर. एकीनं वही बघून विचारलं, "माझं तोंड कुठंय?" पुढच्या रविवारी तिचं तोंड काढलं आणि तो कागद तिलाच दिला.

सांगली, शिक्षण संपवून आता नोकरीत

मी जरा सविस्तर लिहिते, कारण साहित्याबद्दल मला जे कळलं ते वर्गात कळलं नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा मी फाउंडेशनला होते. घर तळमजल्यावर. धान्य, कागदपत्रं, देव, आजीची औषधं वर नेली. माझ्या स्केचबुकांची आठवण पाणी कंबरेला लागल्यावर झाली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. पाणी ओसरल्यावर परत आलो तर सगळीकडे गाळ, आणि वह्यांचा एकेक लगदा झालेला.

आईनं एकेक पान सोडवलं आणि दोरीवर वाळत घातलं. दोन दिवसांनी बघितलं तर पोस्टर कलरची कामं ओळखू येत नव्हती, सगळे रंग एकमेकांत गेलेले. फाउंटन पेननं केलेली पानं नुसती निळी. पेन्सिलीची रेघ मात्र बऱ्यापैकी होती, आणि टाकानं काळ्या वॉटरप्रूफ शाईत केलेली चित्रं गाळाच्या डागांतून जशीच्या तशी उभी होती. मग शोधत गेले. फाउंटन पेनच्या साध्या शाईतला रंग पाण्यात विरघळणारा असतो. जुन्या पद्धतीच्या काळ्या चित्रशाईत काजळी असते आणि लाख. ती एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. म्हणूनच तिच्यावरून जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर देता येतो. आणि म्हणूनच ती फाउंटन पेनमध्ये भरायची नाही, आत वाळून पेन कायमचं बसतं. टाक वापरा आणि काम झालं की लगेच निब धुवा.

त्या वर्षी आम्हाला 'पूर' हाच विषय दिला होता. बहुतेकांनी होड्या काढल्या, छपरावरची माणसं काढली. मीही तसंच सुरू केलं होतं. आमच्या दाराच्या चौकटीवर धाकट्या भावाची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, इयत्तेप्रमाणे. पाण्याची रेघ सातवीच्या खुणेच्या वर उमटली होती. मी होडी सोडली आणि ती चौकट काढली. साताऱ्याच्या मित्रा, तुझ्या सरांचा प्रश्न वाचून ती चौकट डोळ्यांपुढे आली.

औंध

आमच्या गावचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय किती जणांनी बघितलंय? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलं. राजे स्वतः चित्रकार होते, रामायणावर त्यांनी चित्रमालिका केली, तिचं पुस्तक 1916 मध्ये निघालं. म्हणजे आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी एक माणूस तोच विचार करत होता, की एवढ्या मोठ्या कथेतले कुठले प्रसंग निवडायचे. मी तिथे चित्रकार म. वि. धुरंधरांच्या चित्रांसमोर तास तास उभा राहिलोय. मोबाइलवर बघितलेलं चित्र आणि मूळ चित्र यात फार फरक आहे. मूळ चित्रात कुठे रंग जाड आहे, कुठे कडा मुद्दाम हरवलीय, ते दिसतं. यमाईच्या दर्शनाला आलात तर त्याच टेकडीवरच्या या संग्रहालयासाठी एक तास जास्त काढा.

पलूस

मी कॉलेजला गेलेलो नाही, रात्री काम आणि दिवसा चित्रं. माझी शाळा म्हणजे वाचनालयातले जुने दिवाळी अंक. इथून जवळच किर्लोस्करवाडी. 'किर्लोस्कर' मासिक 1920 मध्ये तिथे सुरू झालं आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकलेले. कारखान्याच्या वसाहतीतून निघणाऱ्या मासिकात चित्रांना एवढा मान का होता, ते त्यावरून समजतं.

दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) यांची मुखपृष्ठं सगळ्यांना माहीत असतात. मी म्हणेन, आतली पानं बघा. दलालांची कथेवरची काळी-पांढरी चित्रं घ्या. मोजक्या रेघा, एखादा काळा भरीव आकार, आणि बाकी कागद मोकळा. मी ट्रेसिंग पेपर ठेवून नुसत्या काळ्या जागा भरत गेलो. वीस-पंचवीस चित्रं झाल्यावर लक्षात आलं की काळा कुठे टाकायचा याच्यावर नजर कुठे जाणार हे ठरतं. नक्कल म्हणून नावं ठेवतात लोक. शिकण्यापुरती नक्कल करावी, ती आपल्या नावानं छापायला देऊ नये, एवढंच.

जत

माझे वडील मेंढपाळ. घरात चित्रकार कुणी नाही.

पहिल्या वर्षी लहान मुलांच्या गोष्टीसाठी मला मेंढीचं पिल्लू काढायचं होतं, सोळा पानांत सगळीकडे दिसणारं. मी इंटरनेटवर बघून काढलं. गोल, कापसाच्या ढगासारखं, कुरळं, काळ्या तोंडाचं. वर्गात सगळ्यांना आवडलं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "ही कुणाची मेंढरं? हिचं नाक कुठंय?"

आमच्याकडची मेंढरं माडग्याळ जातीची. उंच, लांब मानेची, अंगावर तपकिरी ठिपके, आणि नाकाचा असा मोठा बाक की लांबूनही ओळखावं. लोकर तर बेताचीच. मी त्यांच्याच मागं फिरून मोठा झालो आणि कागदावर परमुलखातली मेंढी काढली. मला फार लागलं ते. त्या रात्री मेंढरांच्या वाड्यापाशी बसून काढायला घेतलं. वडील बॅटरी धरून शेजारी. "मागचा पाय तसा नसतोय. बसताना आधी पुढचे गुडघे टेकती. कान असा लोंबतोय." तीन दिवसांत चाळीसभर स्केचेस झाली.

मग पुढची अडचण. पहिल्या पानावरचं पिल्लू आणि दहाव्या पानावरचं पिल्लू एकच वाटेना. मॅडमनी मॉडेल शीट करायला लावली: तेच पिल्लू समोरून, बाजूनं, मागून, झोपलेलं, घाबरलेलं, डोकं एक धरलं तर अंग किती, पाय किती, कुठला ठिपका कुठं. ठिपके मी वडिलांना विचारून ठरवले, कारण कळपातलं प्रत्येक जनावर ते ठिपक्यांवरूनच ओळखतात. ती शीट अजून भिंतीवर आहे.

कऱ्हाड, चार वर्षं कामं करतोय

छपाईचं थोडं सांगतो, नव्यांना उपयोगी पडेल. माझं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा आकाशाचा निळा मळकट झाला होता. स्क्रीनवरचा रंग आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा; छपाई सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाईंची. झगझगीत निळे-हिरवे शाईत येतच नाहीत. काम करतानाच सीएमवायके प्रीव्ह्यू लावून बघा. रेझोल्यूशन 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) धरा, म्हणजे ए-फोर पानाला 2480 बाय 3508 पिक्सेल. कडेला ब्लीड सोडा, म्हणजे कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चित्र पानाच्या कडेबाहेर थोडं वाढवा, साधारण 3 मिलिमीटर, प्रेसवाल्याला विचारून. आणि जोडपानावर चित्र असेल तर मधल्या घडीत चेहरा येऊ देऊ नका. माझ्या नायिकेचा अर्धा चेहरा शिलाईत गेला होता.

पैशाचं तोंडी ठेवू नका. एका ठिकाणी मुखपृष्ठासाठी दिलेलं चित्र पुढे कॅलेंडरवर दिसलं, मला विचारलंही नव्हतं. आता कुठे वापरणार, किती काळ, किती वेळा बदल करून द्यायचे, हे सगळं आधी मेलवर लिहून घेतो आणि थोडा आगाऊ घेतल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही.

टॅब्लेट परवडत नसेल तर थांबू नका. कागदावर करून चांगलं स्कॅन करा. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या संगणकावर चालतं.

कोरेगाव, एका विद्यार्थिनीची आई

मी चित्रकार नाही, पण लिहावंसं वाटलं. लेक पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळ्यांनी विचारलं, चित्रं काढून पोट भरतं का. मलाही काळजी होती, अजून आहे. पण ती रात्री मला समोर बसवते, मी मेथी निवडते आणि ती माझे हात काढते. परवा वहीत बघितलं तर पानंच्या पानं माझे हात. डाव्या अंगठ्यावरचा विळीचा जुना व्रणसुद्धा तिनं काढलाय. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे माझंही लक्ष नव्हतं. कऱ्हाडच्या दादांनी लिहून घ्यायचं सांगितलं ते मी तिला वाचून दाखवलं.

पुन्हा मी, सातारा

सगळं दोनदा वाचलं. जतच्या दादाचं वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर गेलो, स्केचबुक घेऊन, आणि नुसत्या म्हाताऱ्या बायका बघत बसलो. वाट बघताना माणूस बसतो कसा, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एक आजी होत्या, मेढ्याच्या गाडीसाठी थांबलेल्या. दर थोड्या वेळानं पिशवीत हात घालून काहीतरी चाचपायच्या. शेवटी विचारलं. नातवासाठी कंदी पेढे घेतले होते, कोपऱ्यातला पुडा दबला तर नाही ना, ते बघत होत्या.

नव्या चित्रात थांबा नाही, गाडीही नाही. मांडीवरची पिशवी आहे आणि आत गेलेला हात. वाईच्या ताईसारखं बॉलपेननं केलंय. हात अजून जमलेला नाही, बोटं आखूड वाटतायत. आज रात्री आईला मेथी निवडायला बसवतो. सोमवारी सरांना दाखवायचंय. बाकीच्यांनी लिहीत राहा.