हौशी पक्षिगणनेच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

टिटवी (धागाकर्ता)
एखाद्या परिसरातील पक्षी वाढत आहेत की घटत आहेत, हे वर्षानुवर्षे पाहत राहण्याइतके पगारी शास्त्रज्ञ कुठल्याच देशाकडे नाहीत, आणि म्हणून या विषयात आज जे काही ठामपणे सांगता येते त्याचा मोठा भाग हौशी निरीक्षकांच्या वह्यांतून आलेला आहे. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी शिकारीच्या चढाओढीऐवजी पक्षी मोजण्याची कल्पना मांडली, तेव्हा जेमतेम २७ जण सामील झाले होते. ती गणना आजही चालू आहे. तरीही एखाद्या पाणथळीचे किंवा माळरानाचे भवितव्य ठरवताना अशा नोंदी ‘छंदिष्टांची माहिती’ म्हणून बाजूला सारल्या जातात. माझे मत असे की, ठरावीक पद्धतीने केलेली स्वयंसेवी गणना पहिल्या दर्जाचा पुरावा मानली जावी. विरोधी मते अवश्य मांडावीत, मात्र ‘हौशी लोक पक्षी ओळखायला चुकतात’ एवढ्यावरच थांबू नये.

शंकासुर
ओळखण्यातील चुका मी सोडूनच देतो, जरी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या पर्णवटवट्यांच्या बाबतीत भलेभले अडखळतात. खरी अडचण माणूस कुठे जातो आणि केव्हा जातो, ही आहे. तो सुटीच्या दिवशी जातो, रस्त्यालगतच्या आणि पक्ष्यांसाठी आधीच नावाजलेल्या जागी जातो, सकाळी जातो. परिणामी एका तळ्यावर दिसलेल्या पक्ष्यांच्या शेकडो याद्या जमतात आणि त्यापलीकडच्या पडीक रानाची एकही नसते. रातव्यासारखे निशाचर पक्षी तर बहुतेक याद्यांत येतच नाहीत. त्यातच निरीक्षकांची संख्या आणि कॅमेऱ्यांची ताकद वाढत असल्याने नोंदी वाढतात, आणि नोंदी वाढल्या म्हणजे पक्षी वाढले, असा अर्थ काढला जातो. अशा आकड्यांवर धोरण आखणे मला धोक्याचे वाटते.

कोतवाल
हे आक्षेप खरे आहेत; परंतु गणना आखणाऱ्यांनी ते फार पूर्वीच ओळखले आणि त्यांवर उपायही केले, हे आपल्या प्रतिसादात आलेले नाही. उत्तर अमेरिकेत १९६६ साली चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या विणीच्या हंगामातील सर्वेक्षणात सुमारे ४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर ५० थांबे असतात, प्रत्येक थांब्यावर नेमकी ३ मिनिटे मोजणी होते आणि सुरुवात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी करावी लागते. नवख्या निरीक्षकाची पहिल्या वर्षाची मोजणी कमी भरते हे लक्षात आल्यावर विश्लेषणात त्याचाही हिशेब धरला जाऊ लागला. ब्रिटनमध्ये १९७९ पासून चालणाऱ्या बागेतल्या गणनेत तासाभरात एकाच वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहायची असते, म्हणजे तोच पक्षी पुन्हा पुन्हा मोजला जाण्याचा प्रश्नच उरत नाही. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी देताना किती वेळ आणि किती अंतर चाललात, आणि ओळखू आलेले सर्व पक्षी नोंदले का, हे विचारले जाते. त्यामुळे दर शंभर याद्यांपैकी कितींमध्ये एखादी जात आहे हे काढता येते आणि निरीक्षक वाढल्याने आकडे फुगण्याचा धोका बराच कमी होतो.

आता परिणाम पाहा. १९७० पासून उत्तर अमेरिकेतील सुमारे २९० कोटी पक्षी नाहीसे झाल्याचा निष्कर्ष २०१९ साली मांडला गेला, तो प्रामुख्याने अशाच गणनांवर उभा होता. त्याच संशोधनात हवामान खात्याच्या रडारवरील रात्रीच्या स्थलांतराच्या नोंदीही तपासल्या गेल्या आणि त्यांतही घटच दिसली. रडार काही छंदिष्ट नव्हे!

शंकासुर
रडारला जाती ओळखता येत नाहीत, हे सोडून देऊ. पण आपण दिलेले सर्वांत भक्कम उदाहरण मार्ग, थांबे आणि वेळ ठरवून दिलेल्या सर्वेक्षणाचे आहे, मनाला येईल तेव्हा पाठवलेल्या यादीचे नव्हे. यादीत किती अंतर चाललात हे लिहिल्याने जिथे कोणी गेलेच नाही ती जागा भरून निघत नाही. दोन्हींना एकाच ‘स्वयंसेवी’ शिक्क्याखाली आणून एकाची पत दुसऱ्याला वापरू देणे मला मान्य नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल पाहा: हजारो निरीक्षकांच्या नोंदी हाताशी असूनही ९४२ जातींपैकी केवळ ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला.

पाणथळ
थोडा वेगळा मुद्दा. विणीची ठिकाणे आणि दुर्मीळ जातींचे नेमके पत्ते उघड झाले तर छायाचित्रकारांची झुंबड उडते. घरट्यांच्या नोंदी ढोबळ ठेवण्याची शिस्त नसेल, तर आकडे कितीही अचूक असले तरी पक्ष्यांचे नुकसानच होईल.

टिटवी (धागाकर्ता)
पाणथळ यांच्याशी पूर्ण सहमत. शंकासुर यांनी दिलेला ३३८ चा आकडा मात्र मला माझ्या बाजूचा वाटतो, कारण पुरेशी माहिती नसलेल्या जातींबद्दल काहीही न ठोकून देण्याचा संयम त्या अहवालाने दाखवला आहे. ज्या ३३८ जातींबद्दल बोलता आले त्यांतील २०४ घटलेल्या निघाल्या. हे सांगायला ‘सर्व जागा समप्रमाणात मोजून होईपर्यंत’ थांबलो असतो, तर आणखी काही दशके गप्पच राहावे लागले असते, आणि तोवर माळरानांचे काय झाले असते हे निराळे सांगायला नको.

शंकासुर
गप्प राहा असे मी म्हटलेले नाही. ब्रिटनमध्ये १९९४ पासून एक-एक चौरस किलोमीटरचे तुकडे यदृच्छ निवडून निरीक्षकांना दिले जातात, मग त्या तुकड्यात गव्हाचे शेत येवो वा कारखान्याचे आवार. तिथेही स्वयंसेवकच जातात, विणीच्या हंगामात दोनदा जातात, आणि चार कावळे नि दोन चिमण्या लिहून परततात. अशा नोंदीला पहिल्या दर्जाचा पुरावा म्हणायला माझी मुळीच हरकत नाही. नावाजलेल्या तळ्यावरच्या तीनशेव्या यादीला मात्र आहे. त्या तळ्यावर जमणाऱ्यांपैकी काहींना दर हंगामात असा एक नीरस तुकडा वाटून देण्याची व्यवस्था कोणती संस्था करणार, हे आधी सांगा. धोरणकर्त्यांनी ऐकावे की नाही, याची चर्चा त्यानंतर करू.