टुकार व्हायरस-पिक्चर पोरांना दाखवायचाय, पॉज कुठं कुठं दाबायचा?

परभणीकर:
बीएस्सीच्या पोरांना कॉलेजच्या गच्चीवर एक हिंदीत डब केलेला, चिल्लर बजेटचा व्हायरसवाला पिक्चर दाखवायलोत. लॅबमध्ये कुपी फुटते, ७२ तासांत जग संपायला येतं, शेवटी एका पोरीच्या रक्तातून औषध निघतं. हसणं होईलच, पण नुसतं "असं नसतं" म्हणून सोडायचं नाही, आकडा सांगायचाय. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा, पडदा म्हणजे पांढरी चादर.

लॅबवाला, लातूर:
पहिला पॉज मायक्रोस्कोपवर. हिरो डोळा लावतो आन् काटेरी हिरवा गोळा वळवळताना दिसतो. उजेडावर चालणाऱ्या साध्या मायक्रोस्कोपला साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं धड दिसत नाही, कोरोनाचा कण १०० च्या आसपास. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्यात नमुना निर्वात जागी ठेवलेला असतो, त्यामुळं वळवळ विसरा. चित्रही काळं-पांढरं, रंग नंतर भरतात. पिक्चरवाल्यांना शाळेतला मायक्रोस्कोप मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा सूटवर. पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, २०१२ साली बीएसएल-४ लॅब सुरू झाली, सगळ्यात घातक जंतूंवर काम करायची. असल्या लॅबच्या सूटमध्ये नळीनं हवा भरतात, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. सूट फाटला तर हवा बाहेर सुटते, आत शिरत नाही. खोलीचं बरोब्बर उलटं: आत दाब कमी, दार उघडलं की हवा आत ओढली जाते. हे वर्गातच दाखवता येतं. खिडक्या लावा, एक्झॉस्ट फॅन सुरू करा, दार बोटभर उघडं ठेवा आणि फटीशी टिश्यूची पट्टी बाहेरून धरा. ती आत झुकते. पिक्चरमध्ये मात्र कापसावर फवारणीला निघाल्यासारखा पोशाख, चेहरा उघडा, हातमोजा आणि बाहीच्या मध्ये चार बोटं मनगट. काचेवर वाफ धरली की नट ओळखू येत नाही ना!

गणितवाला, नांदेड:
७२ तासांच्या पाटीवर थांबवा, फळ्यावर करून दाखवायला लई सोपं आहे. गोवराइतका पसरणारा व्हायरस धरा. गोवराचा एक पेशंट १२ ते १८ जणांना लागण करतो म्हणतात, आपण १२ घेऊ. एकाकडून बारांना लागण झाली की एक फेरी. ८०० कोटींपर्यंत जायला दहा फेऱ्या लागतात, नवव्या फेरीत ५०० कोटींच्या पुढं जातो. गोवराची एक फेरी दहा-बारा दिवसांची. म्हणजे साडेतीन-चार महिने, तेही लस घेतलेला एकही माणूस नाही असं धरून. ७२ तासांत बसवायचं तर फेरीला सात तास. इन्फ्लुएंझाच्या व्हायरसला एका पेशीत शिरून नवे कण बाहेर सोडायलाच सहा-आठ तास जातात, मग खोकला कधी येणार आन् बारा जण कधी गाठणार?

खोकल्यावर दोन मिनिटांत डोळे लाल होतात, त्यालाही हेच उत्तर. इबोलाची लक्षणं २ ते २१ दिवसांनी दिसतात. पण २१ दिवस दाखवायचे म्हणजे तेवढे सेट, तेवढे कपडे. पैसा कमी पडला की पिक्चरमधले दिवस कमी होतात.

शंकेखोर, बीड:
रक्ताच्या सीनवर मात्र जपून हसा, तो सगळ्यात कमी खोटा आहे. इबोलावरचं एक अँटीबॉडीचं (व्हायरसला चिकटून अडवणाऱ्या प्रथिनाचं) औषध १९९५ च्या, काँगोतल्या किकविटच्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातल्या पेशींवरून तयार झालं. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली डिसेंबर २०२० मध्ये. २५ वर्षं, पिक्चरमध्ये २५ मिनिटं. रक्तातून पेशी निवडायची, तिचा जीन काढायचा, दुसऱ्या पेशींत घालून टाकीत वाढवायच्या, मग चाचण्या. पोरीला पुन्हा टोचायची गरजच नाही.

खोटं आहे ते थेट रक्त देणं. कोविडमध्ये आयसीएमआरच्या चाचणीत ४६४ रुग्ण होते, त्यातल्या काहींना बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, २०० मिलीच्या दोन डोसांत दिला. मृत्यू काही कमी झाले नाहीत. दाता एका वेळी ४००-५०० मिली देतो, म्हणजे पोरगी पुरती एका पेशंटला.

परभणीकर:
भारी. अजून एक, मध्येच "व्हायरस बदलला" म्हणतात आणि गावोगावचे सगळे पेशंट एकदम हिरवे पडतात.

लॅबवाला, लातूर:
बदल एका माणसाच्या अंगात होतो. जालन्याच्या पेशंटमध्ये झाला तर उदगीरच्या पेशंटला त्याचा पत्ता कसा लागणार? तो नवा प्रकार माणसामाणसांतून तिथवर पोचायला हवा, म्हणजे परत नांदेडकरांच्या फेऱ्या मोजा.

गच्चीवाला, जालना:
अंधार पूर्ण पडल्याशिवाय सुरू करू नका. असले पिक्चर निळ्या अंधारात शूट केलेले असतात, चादरीवर निम्मं काळंच दिसतं, म्हणून प्रोजेक्टरच्या सेटिंगमधला गॅमा (अंधाऱ्या भागाचा उजळपणा) एक-दोन पायऱ्या वाढवा. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर सहा फूट रुंदीला नऊ फूट मागं. प्रोजेक्टरच्या स्पीकरवर विसंबू नका, वेगळा लावा. लाइट गेली आणि दिव्याचा प्रोजेक्टर असला तर लगेच चालू करू नका, पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या. चादरीच्या खालच्या काठात बांबू घाला, नाहीतर वाऱ्यानं व्हायरस खरंच वळवळेल.